प्रथम वर्षाचे विद्यार्थी आणि महाविद्यालयीन समायोजन : नीराकाठच्या ग्रामीण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळ व किकवी ओलांडून पुढे गेल्यावर भोर तालुक्यातील सारोळे हे गाव लागते. गावाजवळून नीरा नदी वाहते आणि नदीवरील पूल ओलांडला की सातारा जिल्ह्याची हद्द सुरू होते. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. तेव्हापासून येथील नीरा नदी ही केवळ दोन जिल्ह्यांची नव्हे, तर दोन विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रांचीही सीमारेषा ठरली. बारावी उत्तीर्ण झालेल्या सारोळ्यातील मुलामुलींपुढे आज तीन वाटा असतात : तालुक्याच्या ठिकाणी भोरला जाणे, कात्रज ओलांडून पुण्यास जाणे किंवा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश घेणे. तीनही वाटा एसटीच्या आहेत. प्रवेश मिळणे ही आता पूर्वीइतकी कठीण बाब राहिलेली नाही.

असे असूनही प्रथम वर्षाच्या वर्गात जुलै-ऑगस्टमध्ये दिसणारे काही चेहरे दिवाळीनंतर दिसेनासे होतात, हा ग्रामीण भागातील बहुतेक प्राध्यापकांच्या परिचयाचा अनुभव आहे. याची कारणे सांगताना आपण सामान्यतः विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती, कच्चा पाया किंवा अनास्था यांकडे बोट दाखवतो. ही कारणे खोटी नाहीत; परंतु शाळेतील शिकणे आणि महाविद्यालयातील शिकणे यांत जो फरक आहे तो विद्यार्थ्याला कोणी, केव्हा व कसा समजावून सांगितला, हा प्रश्न त्यात राहून जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. मुंबई व पुणे विद्यापीठांच्या इतिहासात पहिल्या वर्षाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली याचा आढावा घेणे.
२. ग्रामीण व बहुजन समाजातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणात टिकवून धरणाऱ्या व्यवस्थांचे स्वरूप तपासणे.
३. त्या अनुभवाच्या आधारे आजच्या प्रथम वर्षाच्या अध्यापनासाठी काही उपाय सुचवणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

सदर लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ते दुय्यम साधनांवर आधारित आहे. सारोळे व नीराकाठचा परिसर हा येथे संदर्भबिंदू आहे. विवेचनाची व्याप्ती मात्र पश्चिम महाराष्ट्रापुरती आहे.

१. चाळणी म्हणून पहिले वर्ष

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ मध्ये घेण्यात आली. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. या विद्यापीठाचे प्रारंभीचे स्वरूप परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे होते. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे, तर पारखण्याचे काम विद्यापीठाचे, अशी विभागणी होती. पुढे प्रीव्हियस, इंटर व बी. ए. असे टप्पे रूढ झाले, तेव्हा महाविद्यालयात पाऊल ठेवल्यानंतर वर्षभरातच विद्यार्थ्याला परीक्षेला सामोरे जावे लागे. पहिल्या वर्षाचे प्रयोजन नवागताला रुळवणे हे नव्हते. पुढे कोणाला जाऊ द्यायचे ते ठरवणे हे होते.

त्या काळातील नामवंतांची चरित्रेही या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. लोकमान्य टिळक मॅट्रिक होऊन १८७३ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पहिले वर्ष त्यांनी तालीम व पोहणे यांत घालवले आणि त्या वर्षीच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. चरित्रकार हा प्रसंग प्रकृती कमावण्याच्या निर्धाराचे उदाहरण म्हणून सांगतात. परंतु एक वर्ष गेले तरी शिक्षण सुटणार नाही एवढे पाठबळ टिळकांना होते, ही गोष्टही त्यातून स्पष्ट होते. गोपाळ गणेश आगरकरांना असे पाठबळ नव्हते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा गरीब विद्यार्थी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करून मॅट्रिक झाला व डेक्कन कॉलेजात आला. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा, अशा स्थितीत त्यांनी अभ्यास केला. धोंडो केशव कर्वे यांनी मुंबईत शिकवण्या करून आपले महाविद्यालयीन शिक्षण पुरे केले. या उदाहरणांचा गौरव करताना आपण एक गोष्ट विसरतो. आगरकर व कर्वे टिकले म्हणून त्यांची चरित्रे लिहिली गेली. त्यांच्यासारख्याच परिस्थितीतून येऊन न टिकलेल्यांची नोंद कोठेही नाही.

या व्यवस्थेत दोन गोष्टी मात्र नवागताच्या उपयोगी पडत होत्या. पहिली दक्षिणा फेलोंची. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून पुढे ज्या शिष्यवृत्त्या निर्माण झाल्या, त्या मिळवणारे तरुण पदवीधर महाविद्यालयात राहून पुढील अभ्यास करीत आणि खालच्या वर्गांना शिकवीतही असत. रानडे, भांडारकर व आगरकर हे तिघेही असे फेलो होते. नुकताच त्याच वाटेने गेलेला, वयाने जवळचा मार्गदर्शक नवागताला मिळणे ही या पद्धतीतील महत्त्वाची बाब होती. दुसरी गोष्ट म्हणजे निवासी जीवन. टिळक व आगरकर यांच्या ज्या चर्चांतून पुढे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, त्या डेक्कन कॉलेजच्या परिसरात झाल्या होत्या. तासाबाहेरचा सहवास हाही शिक्षणाचाच भाग होता. फक्त तो थोड्यांच्या वाट्याला येत होता.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते, हे परखडपणे मांडले. विद्यापीठाची चाळणी समान वाटत असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची संधी समान नाही, हा त्या मांडणीतील इशारा पुढील पिढीने गांभीर्याने घेतला.

२. बोर्डिंगची चळवळ : राहण्यातून शिकणे

१८८३ मध्ये पुण्यात डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची स्थापना झाली. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या पुढाकाराने चाललेल्या या संस्थेच्या साहाय्यामुळे जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकू शकले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले व त्यानंतर विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातील मुलासाठी शाळा किंवा कॉलेज उघडणे पुरेसे नाही, शहरात त्याच्या राहण्याजेवणाची सोय हीच शिक्षणाची पहिली पायरी आहे, हे या कार्यामागील सूत्र होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी या सूत्रात मोलाची भर घातली. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन पातळीवर आले.

‘कमवा व शिका’ची चर्चा बहुधा आर्थिक स्वावलंबनाच्या अंगाने होते. समायोजनाच्या दृष्टीने तिचा आणखी एक अर्थ आहे. वसतिगृहात राहणारा, शेतात किंवा बांधकामावर काम करणारा विद्यार्थी वरच्या वर्गातील मुलांबरोबर राहत होता. पहाटे केव्हा उठायचे, कोणते पुस्तक कोणाकडे मिळेल, तासाला झालेले पुन्हा कसे वाचायचे, परीक्षेत प्रश्नाचे उत्तर कोठून सुरू करायचे, या गोष्टी त्याला कोणत्याही अभ्यासक्रमात नसताना कळत होत्या. शेतकऱ्याच्या मुलाला श्रमाची लाज वाटू नये एवढाच या योजनेचा लाभ नव्हता. आपल्यासारखाच घरून आलेला मुलगा येथे शिकतो आहे, हे त्याला रोज डोळ्यांनी दिसत होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याहून मोठा आधार क्वचितच मिळू शकतो.

पुण्यात हेच कार्य वेगळ्या रीतीने विद्यार्थी सहाय्यक समितीने केले. डॉ. अच्युत शंकर आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या समितीने ग्रामीण भागातून पुण्यास येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवली व तेथेही श्रमाला स्थान दिले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ‘कमवा व शिका’वर आधारलेले विद्यार्थी भवन विद्यापीठाच्या आवारात आणले.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास बऱ्याच उशिरा सुरू झाला. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाने १९७२ मध्ये नवागतांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये विद्यार्थी महाविद्यालय का सोडतात याचे एक प्रारूप मांडले. विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक अशा दोन्ही जीवनांत किती सामावला जातो, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. साताऱ्याच्या बोर्डिंगने ही दोन्ही कामे सिद्धान्ताची वाट न पाहता केली होती.

३. विद्यापीठ पुण्यास आले : संख्या, भाषा व रचना

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले आणि त्यानंतर वर्षभराच्या आत, १० फेब्रुवारी १९४९ रोजी, पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू होते. आरंभी या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे होते. म्हणजे १९६२ पर्यंत नीरेच्या दोन्ही काठांचे विद्यार्थी एकाच विद्यापीठाचे होते. मॅट्रिकची जागा याच सुमारास एस. एस. सी. परीक्षेने घेतली होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गासाठी फी-माफी सुरू झाली आणि शेतकरी कुटुंबातील पहिली पिढी मोठ्या संख्येने महाविद्यालयात आली.

या पिढीपुढील पहिला अडथळा भाषेचा होता. शाळेत मराठीतून शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात इंग्रजी व्याख्यानासमोर बसत होता. मराठी माध्यमाचा पर्याय खुला होणे, १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना होणे व त्यातून परिभाषा कोश तयार होणे, पुढे विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीला शासकीय चालना मिळणे, हे या दिशेने पडलेले महत्त्वाचे टप्पे होत. परंतु मराठी माध्यमाने प्रश्न अर्धाच सुटला. व्याख्यानाची भाषा ओळखीची झाली, तरी शास्त्रीय लेखनाची मराठी ही घरच्या मराठीपेक्षा निराळी होती. ‘सार्वभौमत्व’, ‘सीमांत उपयोगिता’, ‘अभिजातवाद’ हे शब्द भोर-वेल्ह्याच्या विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दांइतकेच नवे होते. ते समजावून देण्याऐवजी त्यांच्या व्याख्या उतरवून देण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यातून तयार टिपणांची व पुढे ‘गाईड’ची सवय लागली.

दुसरा प्रश्न रचनेचा होता. शाळा कोठे संपते व विद्यापीठ कोठे सुरू होते, हा वाद जुना आहे. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने मॅट्रिकऐवजी इंटर परीक्षा ही खरी सीमारेषा मानावी, असे सुचवले होते. राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठात येण्यापूर्वी १२ वर्षांचे शिक्षण असावे, असे म्हटले. पुणे विद्यापीठात काही काळ प्री-डिग्रीचे वर्ष होते. नवागताला महाविद्यालयीन वातावरणाचा परिचय करून देण्याची संधी त्यात होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये पुरस्कारलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्रात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अमलात आला. अकरावी-बारावीची दोन वर्षे हा शाळा व विद्यापीठ यांमधील पूल व्हावा, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात ही वर्षे बोर्डाच्या परीक्षेच्या तयारीत खर्ची पडू लागली. विद्यार्थ्याचे वय दोन वर्षांनी वाढले, पण स्वतः वाचून मत बनवण्याची सवय त्याला लागली नाही. पूल बांधला गेला. पलीकडच्या काठावर कसे वावरायचे हे सांगणारा कोणी त्यावर उभा राहिला नाही.

४. महाविद्यालय जवळ आले, सहवास विरळ झाला

१९७० नंतर तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये वाढली. याचा सर्वाधिक लाभ मुलींना झाला. पुण्यास मुलीला एकटी ठेवण्यास तयार नसलेले पालक तिला तालुक्याच्या गावी एसटीने पाठवण्यास राजी झाले. उच्च शिक्षणाच्या प्रसारातील हे मोठे यश आहे आणि त्याचे श्रेय ग्रामीण शिक्षणसंस्थांना दिलेच पाहिजे.

या यशाबरोबर एक बदल मात्र नकळत घडला. निवासी विद्यार्थ्याची जागा रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याने घेतली. त्याचा दिवस बसच्या वेळापत्रकाने ठरतो. शेवटचा तास चालू असतानाच त्याचे लक्ष घड्याळाकडे जाते, कारण ती बस चुकली तर पुढची केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो. ग्रंथालय त्याच्यासाठी उघडे असते, पण ज्या वेळी ते उघडे असते त्या वेळी तो स्थानकावर असतो. वरच्या वर्गातील विद्यार्थी त्याला बसमध्ये भेटतो, अभ्यासाच्या टेबलाशी नव्हे. मुलीच्या बाबतीत घरी पोहोचल्यावर घरकामाची भर पडते. वसतिगृहात जे न शिकवता शिकायला मिळत होते, ते शिकण्याची जागाच राहिली नाही आणि तिची भरपाई कोणत्याही तासिकेने केली नाही.

श्रमाचे स्वरूपही बदलले. खेड-शिवापूरपासून शिरवळ-खंडाळ्यापर्यंत महामार्गालगत कारखानदारी वाढली आहे. तेथे पाळीत काम करून शिकणारा विद्यार्थी वरवर पाहता ‘कमवा व शिका’चाच वारस वाटतो. परंतु भाऊरावांच्या योजनेत काम हे संस्थेच्या देखरेखीखाली, अभ्यासाची वेळ सांभाळून व सहाध्यायांसमवेत होते. कारखान्यातील पाळी महाविद्यालयाचे वेळापत्रक पाहत नाही. रात्रपाळी करून सकाळच्या तासाला बसलेला विद्यार्थी आपल्याला ‘अनास्था असलेला’ वाटतो, ही आपल्या निरीक्षणाची मर्यादा आहे.

५. योजनांचा काळ

१९९४ मध्ये नॅकची स्थापना झाल्यानंतर विद्यार्थी-साहाय्य हा महाविद्यालयाच्या मूल्यमापनाचा निकष झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने उपचारात्मक अध्यापनाचे वर्ग चालले. पुणे विद्यापीठाने कर्मवीरांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना संलग्न महाविद्यालयांत राबवली. सेतू अभ्यासक्रम, पालक-शिक्षक योजना, समुपदेशन कक्ष हे शब्द अहवालांत रूढ झाले. २०१९ मध्ये आयोगाने ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांच्या उद्बोधनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. महाविद्यालयाने नवागताला रुळण्यासाठी वेळ व साहाय्य दिले पाहिजे, हे तीत सविस्तर मान्य केले गेले.

या योजनांचे महत्त्व नाकारता येणार नाही. मात्र व्यवहारात उद्बोधन पुष्कळदा एका सभेपुरते उरते : प्राचार्यांचे स्वागतपर भाषण, विभागांची माहिती, शिस्तीचे नियम. अभ्यास कसा करावा हे त्यात सांगितले जाते, पण करून घेतले जात नाही. उपचारात्मक वर्गांची अडचण निराळी आहे. ‘मंदगती’ अशी नोंद झालेल्या विद्यार्थ्याला त्या यादीत नाव असल्याचाच संकोच वाटतो. शिवाय अनेक ठिकाणी प्रथम वर्षाच्या मोठ्या तुकड्या तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे जातात. ज्यांची स्वतःची नोकरी पुढील वर्षी असेल की नाही याची खात्री नाही, त्यांच्याकडून विद्यार्थ्याशी दीर्घकाळचे नाते जोडण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

करोनाकाळाने हा प्रश्न उघडा पाडला. २०२१ मध्ये राज्यातील बारावीची परीक्षा रद्द झाली व त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष बऱ्याच अंशी मोबाइलच्या पडद्यावर सुरू केले. डोंगराळ भागात जेथे मोबाइलला संपर्कक्षेत्र नव्हते तेथे तेही झाले नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार नवी रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली आहे. मुख्य विषय, गौण विषय, खुले विषय, कौशल्य अभ्यासक्रम व श्रेयांक यांची निवड विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी करावी लागते. घरातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी असलेल्याला ही निवड समजावून देणारे घरी कोणी नसते. याच धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. अडचणीमुळे शिक्षण थांबवावे लागणाऱ्यास ती उपयुक्त आहे. परंतु न रुळल्यामुळे बाहेर पडणारा विद्यार्थीही उद्या ‘निर्गमन’ या सदरात मोजला जाईल. ज्या घटनेला काल आपण गळती म्हणत होतो, तिला प्रतिष्ठित नाव मिळाल्याने ती दिसेनाशी होण्याचा धोका आहे.

निष्कर्ष

१. विद्यापीठीय व्यवस्थेने प्रारंभापासून पहिल्या वर्षाकडे चाळणी म्हणून पाहिले. रचना अनेकदा बदलली तरी ही दृष्टी पूर्णपणे गेलेली नाही.
२. निवास, फी, भाषा व अंतर हे अडथळे प्रत्येक पिढीने एकेक करून कमी केले. महाविद्यालयीन अभ्यासाची रीत शिकवण्याचे काम मात्र कोणाकडेही स्वतंत्रपणे सोपवले गेले नाही.
३. हे काम वसतिगृहांतील सहवासातून अनौपचारिकपणे होत होते. महाविद्यालये जवळ आल्यामुळे प्रवेश वाढला, पण ही अनौपचारिक व्यवस्था दुबळी झाली.
४. म्हणून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते काम आता वर्गातच व नियोजनपूर्वक करावे लागेल.

शिफारशी

१. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक विषयाच्या अध्यापकाने पाठ्यपुस्तकाचे एक प्रकरण वर्गातच विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावे, त्याची टिपणे करून घ्यावीत व एक उत्तर लिहवून ते तपासून परत द्यावे. हे सर्वांसाठी असावे, निवडक यादीसाठी नव्हे.
२. एकाच मार्गावरून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना त्याच मार्गावरील द्वितीय वा तृतीय वर्षाचा विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून द्यावा. दक्षिणा फेलोंच्या पद्धतीचे हे साधे रूप ठरेल आणि बसमधील वेळही त्यासाठी उपयोगी पडेल.
३. ग्रंथालयाचा एक तास वेळापत्रकातच, दिवसाच्या मध्यभागी ठेवावा.
४. प्रथम वर्षाचा किमान एक तास विभागातील ज्येष्ठ अध्यापकाकडे असावा.
५. सलग आठ दिवस गैरहजर असणाऱ्या विद्यार्थ्याशी परीक्षेची वाट न पाहता संपर्क साधावा व कारणाची नोंद ठेवावी. पाळीत काम करणाऱ्यांची नोंद स्वतंत्र असावी.
६. एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याशी अध्यापकाने बोलावे आणि निर्गमन स्वेच्छेचे आहे की नाइलाजाचे, हे विभागाच्या अहवालात नमूद करावे.

या उपायांसाठी मोठ्या निधीची गरज नाही; अध्यापकाच्या वेळाची व वेळापत्रकात थोड्या फेरफाराची गरज आहे. सारोळ्याच्या थांब्यावर सकाळी उभा असलेला विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठाकडे जाणारा असो, त्याच्या आजोबांच्या पिढीला महाविद्यालय गाठण्यासाठी घर सोडावे लागत होते. त्याला घर सोडावे लागत नाही. परंतु घर सोडल्यामुळे त्या पिढीला जे शिकता आले, ते त्याला वर्गात मिळवून देणे ही प्रथम वर्षाला शिकवणाऱ्या अध्यापकांची जबाबदारी आहे.